एक मूठ जागा

आईने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि जाकीट लेकीसमोर धरलं. "घाल बघू. आता कसं अंगासरसं बसतं ते बघ."

बसलं खरं. काल दुकानातून आणलं तेव्हा ते लेकीच्या अंगावर असं लोंबत होतं की आईला जेवण गोड लागलं नव्हतं. अर्ध्या गल्लीचे कपडे जिच्या हातचे, तिच्या पोटच्या पोरीने पोतं घालून कामाला जायचं? सकाळी उठल्या उठल्या तिने मशीन काढलं आणि जाकीट दोन्ही बाजूंनी बेताने आत घेतलं, वर दुहेरी टीप मारली. एक सुई मोडली. पण जाड कापडाला तिने कधी भीक घातली नव्हती.

"आता हे फुगतं कसं ते एकदा नीट सांग."

"ही दोरी गाडीला अडकवायची. मी गाडीवरून उडाले की दोरी खेचली जाते, आतली गॅसची नळी फुटते आणि माझी गादी होते."

"उडाले म्हणे. सकाळच्या वेळी जरा चांगलं बोलावं माणसाने."

दोरीचं जाकीट आईनेच पसंत केलं होतं. दुसरं एक बिनदोरीचं होतं, रोज चार्ज करायचं. "हिचा फोन दुपारीच मान टाकतो," तिने दुकानदाराला सांगितलं होतं, "दोरीचंच द्या." त्यावर तो मूठ की काय दाखवत बरंच सांगत होता, पण नात तेव्हा एका हेल्मेटची काच चाटत होती आणि दोघी तिच्याच मागे होत्या.

बाळंतपणानंतर लेक आज पहिल्यांदा कामावर निघाली होती. ती लिफ्टची मेकॅनिक. कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की हिचा फोन वाजायचा आणि ही मोटरसायकल काढायची. आईची अट एकच होती: अंगात जाकीट असेल तर गाडी, नाहीतर चावी माझ्या कनवटीला.

लेकीने फाटकापाशी गाडी लावली, सीटखालच्या कडीत दोरी अडकवली, हेल्मेट चढवलं. आपल्या आईचं तोंड असं नाहीसं झालेलं बघून उंबऱ्यात बसलेल्या नातीने जो सूर लावला, तो शेजारच्या खिडक्या उघडेपर्यंत थांबला नाही.

"आले गं माझं सोनं," म्हणत लेक गाडीवरून उतरली आणि धावलीच.

फट्ट.

दोरी मागे, लेक पुढे, आणि मधे तिचं जाकीट टम्म. मान कॉलरीत रुतली, हात दोन्हीकडे ताठ उभे राहिले. नात रडता रडता थांबली, तिने टक लावून बघितलं आणि खदखदून हसायला लागली.

"विसरले गं दोरी," लेकही आत गुदमरत हसत होती. "आई, फार आवळलंय पण. बरगड्या..."

तेवढ्यात सूं असा आवाज सुरू झाला. डाव्या बाजूने आणि उजव्याही. बघता बघता गादीची गोधडी झाली आणि जाकीट लेकीच्या अंगावर लुळं पडलं.

आईने जवळ जाऊन शिवणीवर बोट ठेवलं. उरलीसुरली गार हवा बोटाला लागली. एका टाक्यातून, मग पुढच्या टाक्यातून. टाके अगदी एकसारखे होते.

"आई, अगं एवढं काय..."

"हसू नकोस. रस्त्यात पडली असतीस तर?"

"नाही ना पडले. दारातच आहे."

"मी ब्लाउज समजले गं," आई म्हणाली आणि पायरीवर बसली. नात रांगत येऊन तिच्या मांडीवर चढली. त्या दिवशी लेक बसने गेली.

संध्याकाळी दुकानदाराने जाकीट उलटसुलट करून पाहिलं. "आतल्या पिशवीची चाळण झालीय, काकू. पिशवी नवीनच घालावी लागेल, गॅसची नळीही. पण टीप काय सरळ आहे हो. कुणाची?"

"आहे एक अतिशहाणी."

उसवायचं काम मात्र तिने त्याला करू दिलं नाही. तिथेच काउंटरवर बसून तिने आपला एकेक टाका काढला. आज नातीच्या हातात आधीच एक चघळायचं खेळणं दिलं होतं, त्यामुळे दुकानदार काय सांगतो ते नीट ऐकू आलं. बंद लावल्यावर ही एवढी मूठ आत फिरली पाहिजे. हवेला जागा लागते. जागाच नाही ठेवली तर ती माणसालाच दाबणार.

नवी पिशवी बसून जाकीट घरी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा फाटकापाशी उभी होती, नातीला कडेवर घेऊन.

"उतरताना आधी काय?"

"दोरी."

"आणि पोर रडली तर?"

"आधी दोरी. मग पोर."

आईने एका हाताने जाकिटाचे बंद लावले. बोटांनी सवयीने बाजूचं जास्तीचं कापड चिमटीत धरलं. मग सोडून दिलं. मूठ वळून तिने ती लेकीच्या छातीपाशी आत सरकवली, इकडून तिकडे फिरवली. आतून धडधड लागत होती.

"घट्ट आहे का?" लेकीने विचारलं.

"नाही. राहू दे असंच सैल."

लेक कोपऱ्यावर वळली तेव्हा जाकीट तिच्या पाठीवर वाऱ्याने जरा हललं. आईच्या डोळ्यांना ते खुपलंच. पण नातीने हात हलवला, म्हणून तिनेही हलवला. मूठ उघडायची राहून गेली होती.