पलीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या

"यार्डाखालच्या नकोत हं मावशी," बाजारात द्वारकाने मांडलेल्या वाट्यातल्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, बोटाने चाळवत साहेब म्हणाला. "मुलगी बाळंतपणाला आलीय. सातवा लागलाय."

द्वारकाने त्या पहाटेच्या ओहोटीला जहाजदुरुस्तीच्या यार्डाखालच्याच चिखलातून उकरल्या होत्या. अठरा वर्षं ती तिथूनच काढते. हा त्या यार्डाचा मॅनेजर. तो तिला ओळखत नव्हता, ती त्याला चांगली ओळखत होती. ग्रामसभेत माइक धरून यानेच सांगितलं होतं, खाडीला कसलाच धोका नाही, बिनधास्त खा. गावाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"का हो साहेब, तिथल्यांना काय झालं?"

"अगं, जहाजाच्या बुडाला कालवं चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. तो खरवडला की सगळा खाली चिखलात. तिसऱ्या तोच पितात. पोटुशीने तर तोंडालाही लावू नयेत, बाळाला बाधतं." त्याने आवाज खाली आणला. "कुणाला सांगत बसू नकोस."

द्वारकाची लेकही माहेरी आली होती. तिलाही सातवाच. अंगावर दूध भरपूर यावं म्हणून आई दोन महिने तिला रोज तिसऱ्यांचं कालवण वाढत होती. आज सकाळीही पोरीने दोन वाट्या संपवून आणखी मागितलं होतं.

द्वारकाचा हात टोपलीवरच राहिला. साहेब पिशवी उघडून उभा होता.

"या पलीकडच्या खाडीतल्या," ती म्हणाली. दोन वाटे पिशवीत ओतून तिने वर मूठभर आणखी टाकल्या. "पोरीला रोज द्या साहेब. दूध चांगलं येतं."