शेगडीचा मुहूर्त

कारखान्यातल्या नोकरीसाठी बिरवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या सुशांतने बदली झालेल्या साहेबांची जुनी, चिनीमातीची कोळशाची शेगडी हौसेने विकत घेतली आणि टेम्पोत घालून पोलादपूरकडच्या गावी आणली. शेगडी कसली, झाकणाचा रांजणच तो! साहेबांच्या बंगल्यामागे पावसात पडून आतून बुरशीने माखलेला.

"सोन्यासारखी चूल हाय घरात, मग ह्यो रांजण कशाला?" आई, सुंदराबाई, कुरकुरली. सुशांतने मनावर घेतलं नाही. चार रविवार गावी येऊन त्याने शेगडी तारेच्या ब्रशने घासली, कोळसा पेटवून बुरशी जाळली, झाकणाची गंजकी बिजागरी बदलली.

पाचव्या रविवारी कारखान्यातले सहा मित्र जेवायला आले. मसाला लावलेल्या कोंबडीची परात एका हातावर तोलत सुशांतने कोळसा भरण्याआधी शेगडी दाखवायला सगळ्यांसमोर ऐटीत झाकण उचललं, आणि आतून कचकन त्याच्या बोटावर चोच बसली.



"लाव रे झाकण, मुंगूस टपलाय!" सुंदराबाई ओट्यावरून ओरडली. "तेरा अंड्यांवर बसवलीय तिला. आता एकवीस दिवस हात नाय लावायचा!"