शंभरातले अकरा

"मामा, तुमचे शेअर शंभरात अकरा, आणि तक्रारी मात्र शंभरात शंभर!" हसत हसत सौंदरराजनने कॉफीचा पेला पुढे सरकवला.

कदिरवेल आसारींनी पेल्याला हात लावला नाही. "शेअर तुझ्या वडिलांनी दिले, तंबी," धाकट्या भावाला मारतात त्या तमिळ हाकेने ते म्हणाले. "कान माझे स्वतःचे आहेत."

कोइमतूरच्या या पंपांच्या कारखान्याचा पहिला साचा आसारींनी लाकडात कोरला होता. भांडवल सौंदरराजनच्या वडिलांचे, वरदराजुलू नायडूंचे. ते गेले आणि मुलाने भट्टी विझवली. तयार ओतीव भाग बाहेरून येऊ लागले. त्यांवर नाव तेवढे कंपनीचे. भागधारकांच्या सभेत आसारींनी दोनदा विरोध केला, दोनदा मतांत हरले. तेव्हा ओतशाळेच्या भिंतीवरची आपली हातोडी खिळ्यावरून उतरवून ते घरी गेले, आणि ही कंपनीच गुंडाळावी असा अर्ज त्यांनी मद्रासच्या उच्च न्यायालयात केला. सुनावणी परवावर आली होती. तडजोडीची बैठक आसारींच्याच हट्टापायी त्या विझलेल्या भट्टीशेजारी भरली होती.

"तुमच्या शेअरांची हिशेबाने निघते त्याच्या तिप्पट किंमत देऊ," कंपनीचे वकील अनंतकृष्णन म्हणाले. "कंपनी बुडवून तुमच्या हाती काय येणार? भंगाराचा वाटा!"

"भंगारावर कुणाचं नाव नसतं, वकीलसाहेब."

सौंदरराजनने खूण केली. दोघा जुन्या कामगारांनी नव्या पंपाचे कवच आणून टेबलावर ठेवले. निळा चकचकीत रंग, वर पितळी पट्टी. "वाचा तर खरं, मामा. या पंपाला तुमचं नाव दिलंय."

आसारींनी ते वाचले. मग पिशवीतून हातोडी काढून कवचावर हलकाच टोला दिला.

आवाज बद्द आला.

कामगारांनी माना खाली घातल्या. "अहो, बाजारात कोण वाजवून घेतो?" वकील म्हणाले. सौंदरराजनला मात्र हसू आले नाही. अख्खे ओतीव घंटेसारखे निनादते, हे तो वडिलांच्या कडेवर असताना शिकला होता. वडिलांचा नियमही त्याला पाठ होता: बद्द वाजलेले ओतीव मालकाने सर्वांदेखत, स्वतःच्या हाताने फोडायचे.

त्याने आसारींची हातोडी मागून घेतली आणि स्वतः वाजवून पाहिले. पुन्हा तेच. मग त्याने घण मागवला आणि कवच जमिनीवर उतरवायला लावले. तिसऱ्या घावाला ते दुभंगले. आतला तडा पुट्टी भरून बुजवलेला होता.

"आपण विरोध करायचा नाही," घाम पुसत तो वकिलांना म्हणाला. "मामांचा अर्ज खरा आहे. होऊ दे बंद."

आसारींची मान ताठ झाली. घाव थेट वरदराजुलूंचा होता.

"अर्ज मी मागे घेतो," ते म्हणाले. "स्वतःच्या कारखान्याचं ओतीव ज्याला फोडता येतं, त्याची भट्टी विझलेली मला बघवणार नाही. उद्या पेटव, तंबी."

वकिलांनी लगबगीने कागद उलगडला. "छान! म्हणजे तुमच्या शेअरांची तिप्पट किंमत मान्य, असंच लिहू ना?"

आसारी भिंतीपाशी गेले. खिळा अजून रिकामाच होता. त्यांनी हातोडी त्याला टांगली, परत येऊन खुर्चीत बसले, आणि निवलेली कॉफी एका दमात पिऊन टाकली.