नेट कोण ओढून राह्यलं?

व्हिडिओ अडला तो अडलाच; लॅपटॉपवरची निळी रेघ पुढे सरकेना. शिकवण्याचा नमुना पाच वाजेपर्यंत पाठवा, नाहीतर नोकरी दुसरीला, असं ऑनलाइन क्लासवाल्यांनी अस्मिताला बजावलं होतं. चार कधीच वाजून गेले होते.

दुपारी नेटवाला येऊन वायफायचा डबा तपासून गेला होता. "लाइनले काही नाई झालं, मॅडम. साऱ्या सिंदी मेघेत नेट धडाधड चालून राह्यलं. तुमच्या घरातलंच काहीतरी ते ओढून राह्यलं. एकेक बंद करून पाहा."

तिने मोबाइलचं वायफाय बंद केलं. मग टीव्ही. साडी गुडघ्यांवर घेऊन दिवाणावर तेल चोळत बसलेल्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, मालिका सोडली खरी, पण तोंड वाकडं करून.

"माहे गुडघे त नाई न ओढत तुहं नेट?"

अस्मिताला हसू आलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःची नोकरी हाताशी आली होती आणि ती त्या निळ्या रेघेत अडकली होती. आता तिचं फक्त रडायचं बाकी होतं.

राहता राहिला शोकेसवरचा कॅमेरा. तिचा नवरा अनय चंद्रपूरला नोकरीला. दिवाळीत आला तेव्हा त्यानेच तो बसवला होता. "घरी तुम्ही दोघीच. तुम्ही बाहेरून कुलूप लावलं, का मंगच हा सुरू होते. चोराचिलटासाठी आहे." म्हणजे आत्ता तो बंदच असणार. तरी कशाला ठेवा, म्हणून तिने पिन उपटली.

रेघ सरसर पुढे सरकली. बघता बघता व्हिडिओ गेला.

"गेला, आई! गेला!"

"गेला? घे माय! उद्या नारळ फोडजो."

तेवढ्यात अनयचा फोन आला. आईंनाही ऐकू जावं म्हणून अस्मिताने हौसेने स्पीकर लावला.

"कॅमेरा काऊन बंद केला?" अनय म्हणाला. "अन् दुपारी आलता तो माणूस कोण होता?"

अस्मिताने उपटलेल्या पिनेकडे पाहिलं.

यशोदाबाईंनी शोकेसकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा दिवा विझलेला होता. तरी त्यांनी तेलकट हातांनीच साडी घोट्यांपर्यंत खाली ओढली.