साहेबांचा अपमान

"शब्दशः सांगा," न्यायाधीश म्हणाले.

हेडक्लार्क बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तीस वर्षांच्या नोकरीत 'सविनय सादर'च्या पलीकडचं काही त्यांनी चारचौघांत उच्चारलं नव्हतं.

"थेरड्या," त्या पुटपुटल्या.

"मोठ्याने."

"थेरड्या, खुर्ची सोड. डोकं गेलंय तुझं."

"आणि हावभाव?"

बाईंनी तर्जनी कानशिलापाशी नेली आणि दोनदा गोल फिरवली. लघुलेखकाने मान वर केली. "डावीकडून की उजवीकडून?" न्यायाधीशांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने 'गोल' एवढंच टिपून घेतलं.

फिर्यादी, म्हणजे नगरपालिकेचे मुख्याधिकारी, पहिल्या बाकावर बसून रुमालात रडत होते. आरोपी, म्हणजे त्यांच्याच हाताखालचा उपअभियंता, पिंजऱ्यात उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

कायदा सरळ होता. लोकांनी अधिकाऱ्याला शिव्या घालणं हा रोजचा कारभार. त्याला कोण विचारतो? पण अधिकाऱ्याने अधिकाऱ्याचा कचेरीत शब्दाने किंवा हावभावाने अपमान केला, तर तो गुन्हा. शिक्षा झाली की नोकरी गेली. उपअभियंत्याची नोकरी अजून अकरा वर्षं होती. साहेबांची पाच महिने.

"गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. साक्षीदार एकच, तीही दाराबाहेरची. 'बोललो नाही' एवढं म्हटलं असतं तरी सुटण्यासारखं होतं. पण हा गडी पहिल्या तारखेपासून कबूल, कबूल करत बसला होता.

न्यायाधीश मनाने भले होते. ते साहेबांकडे वळले. "हा माफी मागतोय. तुम्ही माफ केलंत तर प्रकरण इथेच मिटेल. बघा."

"साहेब, चुकलो," उपअभियंत्याने हात जोडले.

साहेब उठले. "कामावर आला तेव्हा हा नळांचा नकाशा उलटा धरून वाचायचा. हाताला धरून शिकवलं मी ह्याला. वडील नव्हते, म्हणून लग्नात ह्याच्या बाजूने मी उभा राहिलो. दुसरा कुणी बोलला असता तर हसण्यावारी नेलं असतं." त्यांनी रुमाल मुठीत चुरगळला. "पण ह्याने? ह्याने बोलावं?"

त्यांनी तोंड फिरवलं. माफी मिळाली नाही.

शिक्षा किरकोळ झाली. बडतर्फीचा आदेश मात्र पाचच्या आत निघाला. सही साहेबांचीच होती.

घरी बायकोने तो कागद दोनदा वाचला.

"एकवीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. भाजी खारट झाली तर मुकाट्याने तांब्याभर पाणी पिता. आणि साहेबांपुढेच बरी जीभ सुटली?"

"सुटली."

"शिकलात कुठे असलं?"

"ऑफिसात."

"पोटच्या पोरासारखं वागवलं हो त्यांनी तुम्हाला! आज कोर्टात त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

"माझ्याच्याने पण बघवलं नाही," तो म्हणाला आणि बुटाची नाडी सोडायला खाली बसला. नाडी सुटलेलीच होती. तरी तो बराच वेळ वाकून बसला.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात हेडक्लार्क बाई उभ्या होत्या.

बायको दार अडवून उभी राहिली. "या. आता आणखी काय सांगायचं राहिलंय?"

"साहेबांनी कोर्टातून आल्यावर नवीन तक्रार लिहायला घेतलीये," बाई म्हणाल्या.

"आता कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध. काल दुपारी मी त्यांना बोलले म्हणे. तेच शब्द, तेच बोट."

"मग बोललात का?"

"काल मी रजेवर होते, वहिनी. दातांच्या डॉक्टरांसमोर दीड तास आ वासून बसले होते."

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

बाई आत आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. "त्या दिवशी तुम्ही तरी कुठे होतात कचेरीत? दिवसभर धरणाजवळच्या पंपहाऊसवर. तुम्ही सांगितलंत म्हणून हजेरीचं ते पान मी फाडलं, साक्षही खोटी दिली." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझी अजून चार वर्षं आहेत. साहेबांचे पाच महिने, तेही हे असलं वर कळलं नाही तर. मीही 'बोलले' असंच सांगू ना?"