गर्दीचा ट्रॅक

यावलच्या एका वरातीत राकेशने डीजेवर वाजवता वाजवता रेकॉर्ड केलेलं गाणं खान्देशभर गाजलं. त्याच वरातीत नाचताना त्याचे वडील, आबा, कोसळले आणि गेले. दणदणाटात कोणाची हाक ऐकूच आली नाही, असं तो आजवर सांगत आला.

आज जळगावच्या साउंड रेकॉर्डिंगच्या क्लासात तो विद्यार्थ्यांना तेच गाणं कॉम्प्युटरवर एकेक ट्रॅक करून उलगडून दाखवत होता. आधी ढोल बंद केला, मग बेस, मग कीबोर्ड. उरला फक्त गर्दीचा गलका.

"राकेश, बंद कर रे भो, आबा पडी ग्यात."

तीच हाक तीनदा आली.

स्क्रीनकडे बघत संघमित्रा नावाच्या विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "सर, प्रत्येक हाकेनंतर ढोल वाढवलेला दिसतोय."

"मला वाटलं," राकेश म्हणाला, "अजून जोरात पाहिजे म्हणताहेत."