मास्तरांपेक्षा मोठा

सुतारकाकांच्या टीव्हीवर हल्ली नुसत्या मुंग्या दिसायच्या. त्यामुळे संध्याकाळ झाली की काकू "जरा शेजारी बसून येते" म्हणून टेलरमास्तरांकडे जायच्या आणि भिंतीपलीकडून त्यांचं खळखळून हसणं ऐकू यायचं. घरात कधी गालातही न हसणारी आपली बायको त्या एकट्या माणसाच्या टीव्हीवर असं काय बघते, या विचाराने काकांचा जळफळाट व्हायचा. शेवटी त्यांनी तडक दुकान गाठलं.

"मास्तरांच्यापेक्षा मोठा टीव्ही दाखव."

"त्यांचा किती इंची आहे, काका?"

"मी काय मोजायला गेलोय? त्या माणसाच्या घराची पायरी चढत नाही मी! तू सगळ्यात मोठा काढ."

"मग हा घ्या. सेटटॉप बॉक्स आतच आहे. छपरावर डिशची छत्री लावली की फुकटची सगळी चॅनेल. हसवणारीसुद्धा."

काकांनी स्वतः शिडीवर चढून छत्री बसवली आणि पलीकडे ऐकू जावा म्हणून आवाज मुद्दाम मोठा ठेवला. संध्याकाळी काकू ओले हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी टीव्हीकडे कौतुकाने बघितलं आणि नेहमीप्रमाणे चपला पायात सरकवल्या.

"अगं, आता कशाला जातेस? त्यांच्या टीव्हीवर दिसतं ते सगळं इथे दिसतंय की!"

काकू दारातच थबकल्या.

 

"अहो, मास्तरांकडे टीव्ही कुठाय?"